नॉर्मल लॉस

एक साधा प्रश्न. कारखान्यात एक पीस बिघडला, तर नुकसान किती झालं?

गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारलाय. अकाउंट्सच्या साहेबांचं उत्तर वेगळं, प्रॉडक्शनवाल्यांचं वेगळं आणि मालकांचं तिसरंच. तिघेही हुशार, तिघांचंही गणित चोख, आणि तरी उत्तरं जुळत नाहीत! ही तीन उत्तरं एका स्क्रीनवर आणायची, यासाठीच सध्या मला पगार मिळतो. म्हणून या वीकेंडला त्यावरच लिहिते.

डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. (आमची अर्धी बॅच अशीच आहे, त्यामुळे सहानुभूती नको.) आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सध्याचा क्लायंट खालापूर तालुक्यात आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. नाव अर्थातच सांगणार नाही. मी मूळची कर्जतची, त्यामुळे हा प्रोजेक्ट मिळाल्याचा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. आठवड्यातून तीन दिवस लेक घरी जेवायला! सकाळी कर्जतहून खोपोली लोकल पकडायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पुढे रिक्षा.

तर तो पीस. समजा एक शाफ्ट आहे. त्याचा लोखंडी बार आला १८० रुपयांना. कापणं, टर्निंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग वगैरे आठ ऑपरेशन्स होईपर्यंत त्यावर एकूण ४६० रुपये खर्च झाले. विकायचा भाव ६००. शेवटच्या तपासणीत तो नापास झाला आणि भंगारात त्याचे ४० रुपये आले.

पहिलं उत्तर: बार १८० चा, भंगार ४० चं, म्हणजे नुकसान १४०. अनेक ठिकाणी स्क्रॅपचा रिपोर्ट असाच निघतो. दुसरं उत्तर: अहो, त्या बारवर माणसांनी, मशीननी, विजेनी काम केलंय ना? मग ४६० वजा ४०, म्हणजे ४२०. तिसरं उत्तर: ग्राइंडिंग मशीन चोवीस तास भरलेलं आहे आणि ग्राहक अजून माल मागतोय. तो पीस चांगला निघाला असता तर ६०० ला गेला असता. त्याच्या बदल्यात हातात आले ४०. नुकसान ५६०.

एकाच पीसची तीन उत्तरं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या उत्तरात चौपट फरक! आणि मीटिंगमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात लहान उत्तर वापरलं जातं, कारण तेच काढायला सोपं असतं.

पण हा झाला भंगारात गेलेला पीस. तो निदान दिसतो. लाल डब्यात पडतो, त्याचं वजन होतं, भंगारवाला पावती देतो. खरा खेळ पुढे आहे.

पूर्ण भंगारात न जाणारे पीस रीवर्कच्या बेंचवर येतात. पुन्हा घासायचे, बर काढायची, पुन्हा मोजायचे, आणि पास झाले की चांगल्या मालात मिसळायचे. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये ते "ओके" म्हणूनच मोजले जातात. आता हे गणित बघा. दहा ऑपरेशन्स आहेत आणि प्रत्येक ऑपरेशनला १०० पैकी ९८ पीस पहिल्या फटक्यात बरोबर निघतात. ९८ टक्के म्हणजे डिस्टिंक्शनच की! पण ०.९८ ला स्वतःशीच दहा वेळा गुणलं की येतात ०.८२ च्या आसपास. म्हणजे १०० पैकी १८ पीस कुठे ना कुठे एकदा तरी अडकलेले असतात. त्यातले बहुतेक दुरुस्त होऊन बाहेर पडतात आणि रिपोर्ट खुशाल सांगतो की रिजेक्शन एक टक्का. बाकीच्या सतरांसाठी जी माणसं, जी वीज, जे तास गेले, त्यांचा कुठे पत्ताच नाही.

आर्मंड फाइगेनबाउम या अमेरिकन तज्ज्ञाने यालाच छुपा कारखाना म्हटलं होतं. कारखान्याच्या आत आणखी एक कारखाना असतो, ज्याचं काम फक्त पहिल्याच्या चुका निस्तरणं. १९५६ साली त्यानेच या खर्चाची विभागणी मांडली. चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, ती शोधायचा खर्च, आणि चूक झाल्यावर निस्तरायचा खर्च. हा शेवटचा पुन्हा दोन प्रकारचा: माल गेटच्या आत असताना सापडला तर एक, ग्राहकाकडे पोचल्यावर सापडला तर दुसरा. त्याआधी १९५१ मध्ये जोसेफ जुरानने आपल्या क्वालिटीच्या जाडजूड हँडबुकमध्ये या टाळता येण्याजोग्या खर्चाला खाणीतल्या सोन्याची उपमा दिली होती. १९७९ मध्ये फिलिप क्रॉस्बीने तर पुस्तकाचं नावच "क्वालिटी इज फ्री" ठेवलं. त्याचा मुद्दा असा की पैसे क्वालिटीला लागत नाहीत, पहिल्यांदा नीट न केल्याचे लागतात.

हे सगळं आपल्याकडे फार उशिरा पोचलं असंही नाही हं. कंट्रोल चार्टचा जनक वॉल्टर शुहार्ट १९४७-४८ मध्येच महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेला होता. म्हणजे ज्ञान होतं. मग अडलं कुठे?

माझ्या मते अडलं ते खातेवहीत.

सुरुवातीला आठवडाभर मी अकाउंट्सच्या साहेबांशेजारी खुर्ची टाकून बसले आणि हा खर्च कुठे कुठे लपतो त्याची यादी केली. रीवर्क करणाऱ्यांची मजुरी "ओव्हरटाइम" मध्ये. उशीर झाल्यामुळे रात्री धावलेला स्पेशल टेम्पो "वाहतूक" मध्ये. ग्राहकाच्या लाईनवर खराब पीस सापडला की इथून चार माणसं तिकडे जाऊन अख्खा लॉट हाताने निवडत बसतात. त्यांचा प्रवास आणि जेवण "प्रवास खर्च" मध्ये. ग्राहकाने पाठवलेली डेबिट नोट विक्रीतून वजा. चौथ्यांदा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा पगार "पगार" मध्ये. एकही खातं खोटं नाही. ऑडिटर बोट ठेवू शकणार नाही. पण "आपण नीट काम न केल्यामुळे" असं नाव असलेलं खातं मात्र कुठेच नाही.

आणि या सगळ्याचा राजा म्हणजे "नॉर्मल लॉस". बी.कॉम. झालेल्यांना माहीत असेल. कॉस्टिंगमध्ये नुकसानाचे दोन प्रकार असतात. जे नेहमीचं, अपेक्षित, ते नॉर्मल. ते चांगल्या मालाच्या किमतीत वाटून टाकायचं. जे अपेक्षेबाहेरचं, ते ॲबनॉर्मल. ते नफा-तोटा खात्यात वेगळं दाखवायचं. तत्त्व म्हणून चूक काहीच नाही. बार कापला की भुसा पडणारच, त्याला कोण काय करणार? पण नॉर्मल किती, हे ठरवतं कोण? मागच्या वर्षीचा आकडा. म्हणजे जी चूक आपण वर्षभर रोज केली, ती पुढच्या वर्षी आपोआप नॉर्मल होते! मग ती वेगळी दिसत नाही, तिची मीटिंग होत नाही, तिच्यावर कोणी ओरडत नाही. ती किमतीत विरघळून जाते. साखरेसारखी म्हणणार होते, पण मिठासारखी म्हणूया.

थोडक्यात, खराब क्वालिटीचा खर्च मोजणं अवघड आहे ते गुणाकार अवघड आहे म्हणून नाही. तो खर्च सगळ्यांनी मिळून नेहमीचा मानलेला असतो म्हणून.

हे फक्त कारखान्यांचंच नाही. आमच्या भागातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण कर्जतच्या वरच उभं आहे. पळसदरीला आमची लोकल खोपोलीकडे वळते आणि पुण्याची लाईन बोरघाट चढायला लागते. खोपोलीपर्यंतची लाईन १८५६ मध्येच झाली होती. तिथून प्रवासी पालखीने नाहीतर चालत घाट चढायचे. त्याच वर्षी घाटाचं काम सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराने, फॅव्हिएलने, १८५९ मध्ये काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. ऐन भरात ४० हजारांहून जास्त मजूर या डोंगरात राबत होते, आणि कॉलऱ्यासारख्या रोगांनी किती गेले त्याला गणती नाही. २५ बोगदे, ८ मोठे पूल. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते थाटात उद्घाटन.

आणि अवघ्या चार वर्षांनी, १८६७ मध्ये, त्यातला एक दगडी पूल कोसळला. रेल्वेच्या जुन्या कागदांत त्याचं नाव "म्हाऊ-के-मल्ली" असं काहीतरी इंग्रजी कानांनी ऐकलेलं आहे. कारण निघालं निकृष्ट बांधकाम. मग रेल्वेच्या बाकीच्या बांधकामांचीही तपासणी झाली, तेव्हा इतरही पुलांची दुखणी बाहेर आली आणि ते दुरुस्त करावे किंवा पुन्हा बांधावे लागले.

कुठला दगड कोणाच्या काळात बसला, यात मला रस नाही. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे दगडी बांधकाम बाहेरून ओळखता येत नाही. दर्शनी दगड छान घडीव असतात. आतला भराव, चुन्याचा दर्जा, भिंतीच्या आरपार सांधणारे दगड पुरेसे आहेत का, हे पूल उभा राहिल्यावर कोणाला दिसणार? आमच्या शाफ्टसारखंच. शेवटी तपासून क्वालिटी येत नाही, ती दगड बसवतानाच यावी लागते.

दुसरी गोष्ट पैशाची. जीआयपी रेल्वेच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वेचा नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या रयतेने भरलेल्या करातून. लंडनमध्ये बसलेल्या भागधारकाला पूल पडला काय नि उभा राहिला काय, पाच टक्के पक्के. ज्याला काम नीट झालं की नाही हे बघायचा अधिकार होता, त्याच्या खिशाला तोटा लागणारच नव्हता. आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते, त्याला विचारतो कोण?

मला वाटतं, खराब क्वालिटीच्या खर्चाबद्दल "किती?" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न "कोण भरतंय?" हा आहे. भरणारा आणि ठरवणारा वेगळे असले, की ते नुकसान हळूहळू नॉर्मल होतं.

आता घरची गोष्ट. माझे बाबा खोपोली पट्ट्यातल्याच एका कारखान्यात तीस वर्षं होते. हा नाही, दुसरा. फिनिशिंग खात्यात. मी लहान असताना "आज ओटी आहे" हे वाक्य घरात रोजचं होतं. महिन्याच्या शेवटी तर हमखास, कारण डिस्पॅच तेव्हाच असायचा. मी माझ्या प्रोजेक्टबद्दल त्यांना सांगत होते, छुपा कारखाना वगैरे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"अगं, मग तू सांगतेस तो कारखाना म्हणजे आम्हीच की."

महिनाअखेरीची ती ओटी म्हणजे जवळजवळ सगळं रीवर्क होतं. आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच ओटीतून भरली गेली. म्हणजे कुठल्यातरी मशीनची सेटिंग वर्षानुवर्षं चुकत राहिली, म्हणून मी आज क्वालिटीचा डॅशबोर्ड बनवते आहे! जुरानच्या खाणीतलं थोडं सोनं आमच्या घरी येत होतं म्हणायचं. पण त्या सोन्याची दुसरी बाजूही घरात होतीच. ग्राइंडरवर बारा-बारा तास उभं राहून बाबांचा उजवा खांदा गेलाय. डाव्या कानाला कमी ऐकू येतं. ते कुठल्या खात्यात टाकायचं? फाइगेनबाउमच्या विभागणीत तरी मला ते सापडलं नाही.

बाबांनी मग एक कामाची गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. ग्राइंडिंगमध्ये व्यास थोडा जास्त राहिला तर पीस पुन्हा घासता येतो. कमी झाला की भंगार. "भंगाराचा हिशेब साहेब रोज मागायचे. रीवर्कचा कोणी कधी मागितला नाही. मग शहाणा ऑपरेटर काय करणार? प्लसलाच ठेवणार." म्हणजे नुसतं भंगार मोजल्यामुळे भंगार कमी झालं आणि रीवर्क वाढलं. ऑपरेटर बेजबाबदार नव्हता. ज्या आकड्याबद्दल बोलणी बसतात तो आकडा त्याने इमानदारीत कमी केला होता.

दुसऱ्याच दिवशी मी आमच्या क्लायंटकडचा डेटा काढून बघितला. ग्राइंडिंगनंतरच्या व्यासांचा आलेख मध्यावर नव्हताच, सरळ सरळ वरच्या हद्दीला टेकलेला. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग? सगळीकडे माणसंच आहेत."

इथे माझ्या प्रोजेक्टमधला खरा पेच आला. क्लायंटच्या मागणीपत्रात लिहिलं होतं की रीवर्कच्या प्रत्येक नोंदीला कारण निवडायचं आणि सोबत ऑपरेटरचं नाव टाकायचं. ट्रायल सुरू केली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट उघडला तर जवळपास सगळ्या नोंदींचं कारण एकच. "इतर". टूलची झीज नाही, सेटिंग नाही, कच्चा माल नाही. इतर, इतर, इतर. आमच्या टीममधल्या एकाने सुचवलं की "इतर" हा पर्यायच काढून टाकू. मी म्हटलं, मग सगळे यादीतलं पहिलं कारण निवडतील, बाकी फरक काय पडणार?

मी बेंचवर जाऊन बसले. तिथे आठ जण आहेत, सगळे कंत्राटी. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही. मामांनी काम न थांबवता विचारलं, "मॅडम, हे बेंच म्हणजे फुकटचा खर्च, असं तुमच्या कॉम्प्युटरवर दिसणार ना?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"मग आमचं काय?"

या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नसतं. पण हा प्रश्न टाळला तर सॉफ्टवेअरलाही उत्तर मिळत नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या पक्कं कळलं. ज्या माणसाच्या हातातून खरा आकडा यायचा, त्याच माणसाला तो आकडा घरी बसवणार असेल, तर तो आकडा येणारच नाही. आणि का यावा?

पुढच्या रिव्ह्यूला मी मालकांसमोर तीन गोष्टी ठेवल्या. नोंदीतून ऑपरेटरचं नाव काढायचं, मशीन आणि ऑपरेशन पुरेसं आहे. भंगार आणि रीवर्क एकाच पानावर, रुपयांत दाखवायचं, म्हणजे एक कमी करून दुसरं वाढवता येणार नाही. आणि तिसरी, रीवर्क कमी झालं म्हणून बेंचवरच्या कोणालाही काढणार नाही, हे लेखी द्यायचं. त्यांना मोजमाप आणि मशीन सेटिंगचं काम शिकवायचं. बिघडलेले पीस वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांपेक्षा ते का बिघडतात हे कोणाला जास्त कळणार?

मालक म्हणाले, "पहिल्या दोन गोष्टी ठीक आहेत. तिसरी सॉफ्टवेअरच्या कागदात कशाला?"

मी म्हटलं, "कारण त्याशिवाय पहिल्या दोन चालणार नाहीत सर. डेटा खोटा येईल, आणि खोट्या डेटाचं बिल तुम्ही आम्हाला देताय."

दयामायेवर भाषण केलं असतं तर कदाचित हसून सोडून दिलं असतं. बिलाचं मात्र पटलं. पूर्ण नाही, एका वर्षापुरतं लेखी दिलं. त्यानंतर काय, ते आत्ता कोणी सांगू शकत नाही. मामा कागद वाचून म्हणाले, "वर्ष तर वर्ष." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा यादीत "इतर" सोडून दुसरी कारणं दिसली. सगळ्यात वर, एका विशिष्ट ग्राइंडरची सेटिंग. मेंटेनन्सच्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, "हे तर सगळ्यांनाच माहीत होतं."

असणारच. माहीत असणं आणि नोंद असणं यातलं अंतर म्हणजेच हा सगळा खर्च.

येत्या एक तारखेला सिस्टीम पूर्ण कारखान्यात सुरू होईल. नॉर्मल लॉसचा टक्का बदलायचा अधिकार अकाउंट्सच्या साहेबांकडेच राहिलाय, त्यावर मी वाद घातला नाही. फक्त त्या टक्क्याशेजारी एक छोटा रकाना वाढवलाय: महिन्याला तो टक्का किती रुपयांचा होतो. साहेबांनी तो आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

मग म्हणाले, "हे रोज दिसणार?"

रोज दिसणार, सर.